ज्याच्या हाती बुलडोझर, त्याच्याच हाती निकाल?

एप्रिल २०२५ मध्ये नागपूर महापालिकेच्या आयुक्तांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर बिनशर्त माफी मागितली. मार्चमधल्या दंगलीनंतर पोलिसांनी ज्याला मुख्य आरोपी म्हटलं, त्याचं राहतं घर पालिकेने २४ मार्चला पाडलं होतं. घर त्याच्या आईच्या नावावर. उच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण ती येईपर्यंत घर जमीनदोस्त झालेलं होतं. दुसऱ्या एका आरोपीच्या घराचं पाडकाम मात्र त्या आदेशामुळे अर्ध्यावर थांबलं.

माफीनाम्यातलं कारण वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. सर्वोच्च न्यायालयाने घरं पाडण्याबाबत घालून दिलेले नियम आमच्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हते, तसं परिपत्रक वरून आलंच नव्हतं, असं पालिकेचं म्हणणं. निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा. देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलेला. चहाच्या टपरीवरच्या माणसाला माहीत होता, बुलडोझर पाठवणाऱ्याला नव्हता!

त्या निकालाबद्दल तेव्हा खूप लिहून आलं. "बुलडोझरला लगाम" असे मथळे झाले, मिठाया वाटल्या गेल्या, मग विषय मागे पडला. पण न्यायालयाने नेमकं कोणत्या तत्त्वावर हा निकाल दिला, याकडे आपल्या घरांत फारसं कुणी पाहिलं नाही. ते तत्त्व म्हणजे सत्तांचं विभाजन. शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण सगळ्यांनी घोकलेलं: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. दोन गुणांचा प्रश्न. परीक्षा झाली की विसरायचा. या दोन गुणांच्या प्रश्नावर कुणाचं घर उभं राहणार आणि कुणाचं पडणार हे ठरू शकतं, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

न्यायमूर्ती भूषण गवई (आपल्या अमरावतीचे, पुढे सरन्यायाधीश झाले) आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचं म्हणणं थोडक्यात असं. एखादा माणूस गुन्हेगार आहे की नाही, हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं. कलेक्टर, पालिका आयुक्त, पोलीस हे कार्यकारी मंडळाचे लोक. त्यांनी आरोपीला दोषी धरून त्याचं घर पाडलं, तर ते एकाच वेळी फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद झाले. शिवाय घरात आरोपी एकटा राहत नाही. आई असते, बायको असते, दहावीची परीक्षा देणारी मुलगी असते. गुन्हा एकाचा, तोही अजून सिद्ध न झालेला, आणि छप्पर सगळ्यांचं गेलं. याला न्यायालयाने सामूहिक शिक्षा म्हटलं. घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात डोक्यावरचं छप्पर येतं, हेही पुन्हा सांगितलं.

आता हा विचार आला कुठून? त्यासाठी अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावं लागेल.

माँतेस्क्यू नावाचा एक सरदार होता, दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळचा. चुलत्याकडून वारशात त्याला तिथल्या न्यायालयातलं मोठं पद मिळालं. तेव्हा तिथे न्यायाधीशाची पदं विकत घेता यायची, वारसाने मिळायची. दहा वर्षांनी त्याने ते विकूनही टाकलं. म्हणजे न्यायदानाच्या धंद्यातले खाचखळगे त्याला आतून ठाऊक होते. आणि त्याच्या देशात राजाची एक सोय होती: मोहोरबंद पत्र. राजाच्या सहीचं एक पत्र निघालं की माणूस तुरुंगात. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. प्रसिद्ध लेखक व्होल्तेअर ऐन तारुण्यात असाच बॅस्टिलच्या तुरुंगात जवळपास अकरा महिने राहिला. कारण काय, तर राज्यकर्त्यावर केलेल्या टवाळीच्या कविता.

अशा देशात बसून माँतेस्क्यूने १७४८ मध्ये 'कायद्यांचे मर्म' अशा अर्थाच्या नावाचा जाडजूड ग्रंथ छापला. छापला जिनिव्हात, आणि स्वतःचं नाव न घालता. पुढे तीनच वर्षांत कॅथलिक चर्चने तो निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला. ग्रंथाच्या अकराव्या भागात इंग्लंडच्या राज्यपद्धतीवर एक प्रकरण आहे, सगळी गंमत तिथे आहे. सत्ता ज्याच्या हाती येते तो ती ताणून पाहतोच, हद्द लागेपर्यंत पुढे जातोच, हे तो गृहीत धरतो. राजा चांगला की वाईट, हा त्याचा प्रश्नच नाही. म्हणून एका सत्तेला दुसऱ्या सत्तेने अडवलं पाहिजे, अशी रचना हवी. कायदा करणारा वेगळा, अंमल करणारा वेगळा, निवाडा करणारा वेगळा. निवाडा करणाऱ्याच्याच हातात जर दंडुकाही असेल, तर तो न्यायाधीश जुलमी होऊ शकतो, हे त्याने अगदी सरळ लिहून ठेवलं.

(खुद्द इंग्लंडमध्ये मात्र लॉर्ड चॅन्सेलर हा एकच माणूस मंत्री, वरिष्ठ सभागृहाचा प्रमुख आणि न्यायसंस्थेचा प्रमुख, असा तिन्हीकडे बसायचा. ते बदलायला २००५ चा कायदा यावा लागला. माँतेस्क्यूने इंग्लंडचं जे चित्र काढलं ते अर्धं खरं, अर्धं मनातलं.)

इथे आपल्या वाचकांना खटकेल अशी एक गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तिन्ही सत्ता एका हातात गेल्या की काय होतं, याचं उदाहरण म्हणून माँतेस्क्यू तुर्कस्तानच्या सुलतानाकडे बोट दाखवतो. त्याच्या लेखी पूर्वेकडचे देश म्हणजे निव्वळ मर्जीचा कारभार. हा माणूस कधी इस्तंबूलला गेला नव्हता, इराणलाही नाही. प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने हे लिहिलं. त्याआधी १७२१ मध्ये इस्फहानचे दोन मुसलमान पॅरिस पाहायला येतात आणि घरी पत्रं लिहितात, अशी कल्पना करून त्याने एक खट्याळ कादंबरीही लिहिली होती. तिथे मुसलमानांच्या तोंडून त्याने आपल्याच समाजाची खिल्ली उडवली. म्हणजे कधी आपण त्याच्यासाठी आरसा, कधी बुजगावणं.

याला उत्तर दिलं ते एका फ्रेंच माणसानेच, आणि तो आपल्या शेजारच्या सुरतेत राहून गेलेला. आँकेतील-द्युपेराँ त्याचं नाव. पारशी दस्तुरांकडून अवेस्ता शिकण्यासाठी तो सुरतेला आला होता. १७७८ मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवलं की तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी लिखित कायदे आहेत, लोकांची खाजगी मालमत्ता आहे, आणि राजासुद्धा हवं तसं वागू शकत नाही. त्याच्या मते युरोपला हे देश लुटायचे असतील, तर तिथे कायदाच नाही असं म्हणणं सोयीचं होतं. आम्हाला हा माणूस माँतेस्क्यूपेक्षा जास्त आवडतो. पण त्याचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

तरी आपल्या इतिहासाबद्दलही खरं बोलायला हवं. फिकहचे नियम सुलतानाने बनवलेले नव्हते, ते उलेमांनी अभ्यासातून मांडले. त्या अर्थाने शरीअतचा कायदा तख्तापासून वेगळा राहिला. सुलतानांचे स्वतःचे कानूनही असत, ते वेगळं. पण काझीची नेमणूक आणि बडतर्फी खलिफाच्या, सुलतानाच्या हातात. कायदा स्वतंत्र, न्यायाधीश नोकर. इमाम अबू हनीफा यांना अब्बासी खलिफा मन्सूरने काझीपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं, त्यापायी कैद सोसली, आणि ७६७ मध्ये बगदादमध्ये त्यांचं निधन झालं, ही रिवायत आपल्या घराघरांत सांगितली जाते. आपण ती तक्व्याची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण त्यात कारभाराचाही मुद्दा आहे: ज्याच्या विरुद्ध कधीतरी निकाल द्यावा लागेल, त्याच्याच पगारावर न्यायाधीश राहू शकतो का? पुढे त्यांचेच शागिर्द अबू यूसुफ हारून रशीदच्या दरबारात मुख्य काझी झाले. उस्ताद आणि शागिर्द, दोघांचेही जवाब आपल्या परंपरेत आहेत. नुसतं "आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं" म्हणून मोकळं होता येत नाही.

माँतेस्क्यूचं पुस्तक अमेरिकेत १७८७ च्या राज्यघटनेला कामी आलं. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात तर असं कलमच घातलं, की जिथे सत्तांचं विभाजन नाही तिथे राज्यघटना आहे असं म्हणताच येत नाही.

आपल्याकडे इंग्रजांनी हे पुस्तक वाचलं होतं, पण घरी ठेवून आले. इथे जिल्ह्याचा कलेक्टर वसुली करायचा, पोलिसांवर देखरेख ठेवायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खटलेही चालवायचा. पकडणारा तोच, शिक्षा देणारा तोच. काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासून हे तोडा म्हणून ठराव केले. इंग्रजांनी ऐकलं नाही, कारण राज्य त्यावरच चाललं होतं. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम ५० मध्ये न्यायसंस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी करावी, असं मार्गदर्शक तत्त्व आलं. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला. देशभर न्यायिक आणि कार्यकारी मॅजिस्ट्रेट वेगळे व्हायला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली.

संविधान सभेतला एक प्रसंग आपल्या लोकांना माहीत असायला हवा. १० डिसेंबर १९४८ ला प्रा. के. टी. शाह यांनी दुरुस्ती मांडली, की तिन्ही सत्ता पूर्णपणे वेगळ्या असतील असं घटनेतच लिहा. तिला पाठिंबा देणाऱ्यांत होते काझी सय्यद करीमुद्दीन, मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले मुस्लिम सभासद. दुरुस्ती फेटाळली गेली. मंत्री विधिमंडळातूनच निवडले जाणार, मग कायदेमंडळ आणि सरकार पूर्ण वेगळं कसं करणार, अशी अडचण होती, आणि ती अडचण खरी होती. पण याच करीमुद्दीन साहेबांनी त्याच महिन्यात आणखी एक दुरुस्ती मांडली होती. नागरिकाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागदपत्र यांची मनमानी झडती आणि जप्ती होता कामा नये, असा मूलभूत हक्क त्यांना घटनेत हवा होता. डॉ. आंबेडकरांनी ती सूचना उपयोगाची आहे म्हणून स्वीकारायची तयारी दाखवली. मतदानात ती टिकली नाही. जवळपास सत्तर वर्षांनी, २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा प्रसंग पुन्हा बाहेर काढला. वऱ्हाडातला एक मुसलमान सभासद घराच्या उंबरठ्यासाठी भांडला होता, आणि आपल्या मुलांना त्याचं नावही ठाऊक नाही.

आता आपल्या गल्लीत या. सत्ता खरंच विभागली आहे का? 'चॅप्टर केस' हा शब्द मोहल्ल्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सण जवळ आला, निवडणूक आली, की पोलीस काही पोरांना नोटीस देतात: येऊन चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दे. ही कारवाई चालते कार्यकारी मॅजिस्ट्रेटपुढे. गावात तो तहसीलदार असतो. पण जिथे पोलीस आयुक्तालय आहे, मुंबईसारख्या शहरात, तिथे हे अधिकार सहायक पोलीस आयुक्ताकडेच असतात. अहवाल पोलीस ठाण्याचा, सुनावणी त्यांच्याच वरिष्ठाकडे. तडीपारीचंही तसंच, आयुक्तालयात तो आदेश उपायुक्त काढतो. हे सगळं कायद्याने चालतं, त्यावर अपील आहे, न्यायालयं असे आदेश रद्दही करतात. पण माँतेस्क्यूला ही व्यवस्था दाखवली असती तर त्याने भुवया उंचावल्या असत्या.

आणि एक कडू गोष्ट. बुलडोझर आपल्या दारात आला की आपल्याला सत्तांचं विभाजन आठवतं. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्काराच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी व्हॉट्सअॅपवर फुलं आणि टाळ्या पाठवल्या? आम्हीसुद्धा तेव्हा काही लिहिलं नाही, संताप मोठा होता म्हणून गप्प बसलो. निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला, की गोळीबार मुद्दाम, ठार मारण्याच्या हेतूने झाला. त्या दिवशी पोलीस न्यायाधीश झाले होते. ज्याने ते चालवून घेतलं त्याला पालिका न्यायाधीश झाल्यावर तक्रार करताना थोडं अडखळायला होतं.

तर १३ नोव्हेंबरच्या निकालाने पाडापाडीच्या आधी काय काय करायला सांगितलं आहे, ते घरातल्या मोठ्यांनी नीट समजून घ्यावं. किमान पंधरा दिवसांची नोटीस. स्थानिक कायद्यात मुदत जास्त असेल तर ती. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने आली पाहिजे आणि बांधकामावर चिकटवलीही पाहिजे. ती दिल्याबरोबर कलेक्टर कार्यालयाला ईमेलने कळवायचं, म्हणजे मागची तारीख टाकण्याची चलाखी करता येणार नाही. नोटिशीत बांधकामात नेमकं काय चुकलं ते लिहायचं. मालकाला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं आणि ते नोंदवायचं. शेवटच्या आदेशात कारणं द्यायची: दंड भरून हे बांधकाम नियमित होऊ शकतं का, थोडाच भाग पाडून भागतं का, सगळं पाडण्याशिवाय दुसरा इलाज का नाही. त्या आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबायचं, अपिलासाठी किंवा मालकाला स्वतः काढून घेण्यासाठी. पाडताना व्हिडिओ काढायचा. नियम मोडले तर न्यायालयाचा अवमान, शिवाय पाडलेलं पुन्हा उभं करण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट म्हटली आहे, ती आम्हाला सगळ्यात कामाची वाटते. आजूबाजूला तसलीच दहा बांधकामं उभी आहेत आणि अचानक एकालाच हात लागला, तर हेतू अतिक्रमण काढण्याचा नसून खटल्याविना शिक्षा देण्याचा होता, असं गृहीत धरता येईल. मालवणमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर घोषणेचा आरोप झाला आणि लगेच भंगारवाल्या कुटुंबाचं दुकान पाडलं गेलं. त्यावरच्या अवमान याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये नोटीस काढली.

निकालाला भोकंही आहेत. सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदी-तलावाची जागा इथल्या बांधकामांना हे संरक्षण नाही. कोर्टाच्याच आदेशाने पाडायचं असेल तरी नाही. रस्त्याकडेच्या टपऱ्या, रेल्वेच्या जागेतल्या वस्त्या, नाल्याकाठची घरं, म्हणजे सगळ्यात गरीब माणूस बाहेरच राहिला. आणि वाढवलेला मजला खरोखर परवानगीविना असेल, तर हा निकाल तो मजला कायदेशीर करत नाही. फक्त पाडायची रीत सांगतो.

रीत मोडली तर काय होतं, याचं एक उदाहरण प्रयागराजचं. २०२१ मध्ये तिथे शेवटची नोटीस दिल्यावर चोवीस तासांच्या आत घरं पाडली. घरमालकांत एक वकील आणि एक प्राध्यापक होते. १ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी प्रत्येक घरमालकाला दहा लाख रुपये द्यायला लावले. नोटीस कधी चिकटवली, रजिस्टर्ड पोस्टाने कधी मिळाली, मध्ये किती तास गेले, या तारखांवर तो खटला फिरला. त्यामुळे रजिस्टर्ड पोस्टाचं पाकीट फाडून फेकू नका. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. नोटीस भिंतीवर दिसली की त्याच क्षणी मोबाईलने फोटो काढा, घर नंबर दिसेल असा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवानगी असेल तर तिची प्रत, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा, आणि एक संच घराबाहेर, नातेवाईकाकडे. घर पडलं तर कपाटही त्याच ढिगाऱ्यात असतं.